बातम्यांच्या आवाजात नको

१२ जानेवारी

आज हिनं मला कामाला लावलं. निवृत्त होऊन वर्ष होत आलं आणि मी घरभर पायात पायात येतो असं हिचं म्हणणं. आमच्या मंडळीनं सबंध बायबल मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीही. पाळकसाहेब आवाज शोधत होते. हिनं मला न विचारता होकार कळवून टाकला.

"अगं, मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर 'बघू' म्हणाला असतात. तुमचं 'बघू' म्हणजे काय ते मी लग्न झाल्यापासून बघतेय."

रेडिओवर मी उभी हयात बातम्या वाचल्या. अजूनही दुकानात सुटे पैसे मागितले तर माणसं मान वर करून बघतात, "तुम्हीच ना ते?" म्हणतात. हिला त्याचं कधीच कौतुक नव्हतं. "साखर संपली हेसुद्धा सरकार पडल्यासारखं सांगता," म्हणते.

हिनं एक अट घातली. शेवटच्या पानापर्यंत जायचं, मधे काहीही झालं तरी थांबायचं नाही. "शब्द द्या." मी हसलो. मधे काय व्हायचंय? दिला शब्द.

जेवताना हिनं निम्मं ताट बाजूला सारलं. हल्ली भूकच नाही म्हणते. पित्ताचं औषध बदलून घ्यायला हवं.

२० जानेवारी

प्रार्थनामंदिराच्या तळघरात मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली होती, तिथं सोय केली आहे. भिंतींना जाड ब्लँकेटं ठोकली आहेत, दाराच्या फटीत कापड कोंबलं आहे. यंत्र सांभाळणारा मनुष्य मंडळीतला नाही. जाहिराती, लग्नं, भाषणं, मिळेल ते ध्वनिमुद्रित करतो. देवाबद्दल विचारलं तर "माझा काही संबंध नाही" म्हणतो, जसं कुणी शेजाऱ्याबद्दल म्हणावं. कान मात्र असा की शेजारच्या इमारतीतला पंप सुरू होण्याआधी याला ऐकू येतो. मी त्याचं नाव कानसेन ठेवलं. त्याला आवडलेलं दिसलं.

पान उलटल्याचा आवाज चालत नाही. खुर्चीची कुरकुर चालत नाही. तोंड कोरडं पडून जीभ चिकटते, तो आवाजही त्याला ऐकू येतो. त्यासाठी सफरचंदाच्या फोडी आणून ठेवल्या आहेत.

"साहेब, पहिल्याच अध्यायात तुमचं पोट गुरगुरलंय."

सगळी सृष्टी पुन्हा निर्माण करावी लागली.

वाचायची माझी रीत ठरलेली आहे. वाचताना विचार करायचा नाही. डोळा पुढच्या ओळीवर, जीभ या ओळीवर. मनात काही आलं की आवाजात उतरतं, आणि आवाजात उतरलं की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. नोकरीला लागलो तेव्हा वरिष्ठांनी हे शिकवलं होतं. अपघात असो, निवडणूक असो, आवाज तोच.

दुपारी हिनं हेडफोन लावून जलप्रलय ऐकला. "छान झालाय," म्हणाली. "पण माणसं बुडाल्याची बातमी तुम्ही हवामानासारखी दिलीत."

६ फेब्रुवारी

नावं, नावं आणि नावं. अमक्यानं तमक्याला जन्म दिला. टेलिफोनची डिरेक्टरी वाचतोय असं वाटतं. ही म्हणते, वाचायलाच हवीत, कुणाची तरी माणसं आहेत ती.

लेक आली. मोठी बॅग घेऊन आली आहे. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथून लांबलचक सुट्टी काढली म्हणे. आईच्या तपासण्यांचे कागद तिनंच आणले, तिनंच वाचले. "डॉक्टरांकडे मी जाऊन येते आईला घेऊन. तुमचं ध्वनिमुद्रण आहे ना?" मला बरंच झालं. निर्गम, म्हणजे बायबलातलं दुसरं पुस्तक, संपवायचं होतं.

आल्यावर दोघी स्वयंपाकघरात दार लोटून बोलत होत्या. मायलेकी एकत्र आल्या की मला कोण विचारतो.

२४ फेब्रुवारी

आज कानसेननं मधेच हात वर केला.

"साहेब, हा राक्षस मेला होता ना? परवाच. त्या पोरानं गोफणीनं मारला."

मी मान खाली घालून ओळ पाहिली. एल्हानान नावाच्या कुणी गल्याथाला मारलं असं तिथं लिहिलं होतं. मी ते नुकतंच माझ्या खणखणीत आवाजात वाचलं होतं आणि मला जाणवलंही नव्हतं. लहानपणापासून दावीदाची गोष्ट ऐकतोय, मुलांना सांगितली, लेकीला तर नाटकात गोफण देऊन उभी केली होती. आणि हे वाक्य कधी वाचलं नव्हतं, की वाचून सोडून दिलं होतं?

वर जाऊन पाळकसाहेबांना विचारलं. तरुण आहेत, भले आहेत. ते म्हणाले, "काका, दुसऱ्या एका पुस्तकात गल्याथाचा भाऊ म्हटलंय. नक्कल करणाऱ्याच्या हातून शब्द गळला असणार."

"मग दुरुस्त का नाही केला?"

"जसं हाती आलं तसं ठेवलंय."

आमच्याकडे नाव चुकलं तर पुढच्या बातमीपत्रात दिलगिरी व्यक्त करायची पद्धत होती. इथं इतक्या शतकांत कुणाला लाज वाटली नाही. एक शब्द गळला तर आणखी किती गळले असतील? दिवसभर हेच डोक्यात.

हिला सांगितलं नाही. ही झोपूनच होती. डोळे पिवळट वाटले, उन्हामुळे असेल.

१३ मार्च

आज डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. लेकीनं माझा हात आधीच धरून ठेवला होता. म्हणजे तिला माहीत होतं. ही खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणजे हिलाही माहीत होतं.

डॉक्टरांनी वापरले ते शब्द इथं लिहीत नाही.

१५ मार्च

कामावर गेलो. हिनंच घालवलं. "इथं बसून माझ्या तोंडाकडे काय बघता? राजे संपवा."

तर राजे, म्हणजे राजांची पुस्तकं. हिज्कीया राजा मरणाला टेकतो. संदेष्टा येऊन सांगतो, घरादाराची निरवानिरव कर, तू जगत नाहीस. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो. आणि संदेष्टा वाड्याबाहेरही पडला नाही तोवर देवाचा निरोप फिरतो: तुझे अश्रू पाहिले, तुला पंधरा वर्षं वाढवून दिली. मग अंजिराची पोटीस करून गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो.

मी डोळा पुढच्या ओळीवर ठेवू शकलो नाही. पंधरा वर्षं. कानसेननं दोनदा थांबवलं. "साहेब, घाई होतेय."

तिथून थेट दवाखान्यात गेलो. हिला बाटली लावली होती. बाहेरच्या गल्लीत, पाण्याच्या यंत्राशेजारी, मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. लिहिताना लाज वाटते, पण उभा राहिलो. पंधरा नकोत, पाच दे म्हणालो. रडू येईना. डोळे चोळले, नाक ओढलं, जुनी दुःखं आठवून बघितली. काही नाही. एक परिचारिका येऊन म्हणाली, "आजोबा, रांग तिकडून आहे."

२ एप्रिल

पाळकसाहेब घरी आले होते. हिच्यासाठी प्रार्थना केली, छान केली. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि तिथंच धरलं.

"हिज्कीयाची गोष्ट खरी आहे की नाही, एवढंच सांगा. रूपक आहे म्हणालात तर मी उद्यापासून येत नाही."

"खरी आहे, काका."

"मग?"

ते बुटाच्या टोकानं खडा ढकलत राहिले. "प्रत्येकाला पंधरा वर्षं मिळतील असं शास्त्र म्हणत नाही."

"म्हणजे बातमी खरी, पण आमच्या भागाला लागू नाही."

त्यांनी फाटकाची कडी काढली. मग म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा मीही तोच अध्याय उघडला होता." माझा राग उतरला नाही. मला उत्तर हवं होतं आणि त्यांनी मला त्यांची आई दिली.

आत आलो तर ही म्हणाली, "का रागावलात त्या पोरावर?" खोलीची खिडकी उघडी होती.

१९ एप्रिल

आता मी चुका शोधतो. पूर्वी बातमी हातात आली की फक्त उच्चार बघायचो, आता उलटतपासणी घेतो. एका पुस्तकात देवानं दावीदाला लोकांची गणती करायला लावली, दुसऱ्यात सैतानानं. तीच गणती, तोच दावीद. कानसेनला दाखवलं. तो म्हणाला, "दोन वार्ताहर असतील."

"दोन वार्ताहरांत एवढा फरक पडतो?"

"तुम्हीच सांगा, साहेब. तुम्ही रेडिओवर होता."

हसायला हवं होतं. हसलो नाही.

सकाळी हिला उचलून बसवताना हाताला काही लागलंच नाही. उशी उचलावी तसं. आज तीन ठिकाणी आकडे जुळले नाहीत, ते लिहून ठेवायला हवेत.

६ मे

ईयोब संपला. मला वाटायचं हे पुस्तक आपल्या बाजूचं आहे. आहेही. मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गमावलेला तो माणूस देवाशी असा भांडतो की वाचताना मला माझा आवाज आवरावा लागला. आणि शेवटी काय, तर गुरंढोरं दुप्पट मिळतात आणि पुन्हा दहा मुलं होतात. झालं, बातमीपत्र संपलं.

कानसेननं विचारलं, "आणि पहिली दहा?"

"ती घर कोसळून मेली. सुरुवातीला आहे."

"ते ऐकलं. पण शेवटी त्यांचं काय लिहिलंय?"

"काही लिहिलेलं नाही."

त्यानं यंत्र बंद केलं आणि बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. सिगारेट ओढायला गेला असेल, पण वास कधी आला नाही. आल्यावर म्हणाला, "आज एवढंच करू या का?" घरी लवकर आलो, तेवढंच बरं.

हिनं ईयोब ऐकायला मागितला. मी म्हणालो, अजून साफ करायचाय. खोटं बोललो. तिच्या कानावर ते जाऊ द्यायचं नव्हतं. आता मला कळतं की हिच्याजवळ हे एकच पुस्तक उरलंय, आणि ते आतून पोखरलेलं आहे हे मला एकट्याला माहीत आहे. घराच्या तुळईला वाळवी लागल्याचं घरातल्या आजाऱ्याला कोण सांगतं?

२८ मे

हिचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला, उजेड असतो म्हणून. बायका भेटायला येतात. ही त्यांना वचनं सांगते, त्या डोळे पुसून जातात. जाताना मला म्हणतात, "काय विश्वास आहे हो!" आणि वर, "तुमच्या आवाजातलं ऐकतो आम्ही. तुमच्या तोंडून ऐकलं की वाटतं, खरंच आहे."

हेच ते. खरं वाटायला लावणं ही माझी नोकरी होती. धरण सुरक्षित आहे हे मी वाचलं, लोकांना खरं वाटलं. ते फुटल्याचं दुसऱ्या दिवशी मीच वाचलं, तेही खरं वाटलं. आवाज तोच.

११ जून

दुपारी लेक औषधं आणायला गेली होती. ही डोळे मिटून पडली होती, मी समोर बसून संदेष्ट्यांची शेवटची पानं चाळत होतो. उद्या जुना करार, बायबलचा पहिला मोठा भाग, संपेल.

"अहो."

"काय गं? पाणी हवंय?"

"तुम्ही आता जवळजवळ सगळं वाचलंत. मी कधी सलग वाचलं नाही. आवडायचं तेवढंच वाचलं, परत परत. तुम्ही कंटाळवाणंही वाचलंत." मधे थांबून थांबून बोलत होती. "खरं आहे का हो?"

मी म्हणालो, "खरं आहे. सगळं खरं आहे."

"बातम्यांच्या आवाजात नको."

डोळे उघडले नव्हते हिनं. दुसरा आवाज आणायचा कुठून? मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं, परत उचललं.

"मला माहीत नाही," म्हणालो. आवाज चिरका निघाला, मलाच परका वाटला. "खूप ठिकाणी जुळत नाही. मला काही कळत नाहीसं झालंय."

"हं," म्हणाली. मग पांघरूण वर ओढत, "मला भीती वाटते."

इतक्या वर्षांच्या संसारात हे हिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दुसऱ्यांच्या उशाशी बसून धीर देणारी ही. जवळजवळ सबंध जुना करार माझ्या तोंडून गेलेला, आणि एक ओळ आठवेना. पांघरुणाबाहेर पाय आले होते, गार होते. ते चोळत बसलो. ही झोपून गेली.

मी हिचा विश्वास मोडला. मरणाच्या दारात असलेल्या बायकोच्या हातून मी तिची काठी काढून घेतली. खोटं बोलता आलं असतं. जन्मभर तेच तर केलं.

१२ जून

लेक म्हणाली, "आईला काल चांगली झोप लागली. मला सांगत होती, आज तुझे बाबा माझ्याशी बोलले."

काय अर्थ याचा? मी तर रोजच बोलतो.

१७ जून

सकाळी मी जायला तयार नव्हतो. ही म्हणाली, "मत्तय सुरू करायचाय ना? जा." लेकीला म्हणाली, "माझे केस विंचरून दे." मी म्हणालो, संध्याकाळी विंचरता येतील. दोघींनी माझ्याकडे बघितलं. "जा हो," ही म्हणाली, "उशीर होईल."

गेलो.

मोबाइल जवळ ठेवला की ध्वनिमुद्रणात घरघर येते, म्हणून तो वर जिन्याजवळ ठेवायचा असतो. मी तळघरात मत्तयातली येशूची वंशावळ वाचत होतो. अमक्यानं तमक्याला. वाचन छान लागलं होतं, एकही चूक नाही. कानसेननं अंगठा दाखवला. वर आलो तेव्हा लेकीचे किती तरी फोन येऊन गेलेले होते.

हिचं सगळं होऊन गेल्यावरही मी कितीतरी वेळ नावं वाचत होतो.

२० जून

दफन झालं. पाळकसाहेबांनी वाचनाबद्दल विचारलं. मी नाही म्हणणार होतो. पण सगळे माझ्याकडेच बघत होते, आणि उभा राहिल्यावर तो आवाज आपोआप आला, भरदार, स्वच्छ. मृत उठवले जातील, मरण गिळलं गेलं आहे, वगैरे. मागच्या ओळीतल्या बाईलाही शब्द न् शब्द ऐकू गेला म्हणे. कितीजणांनी हात हातात घेऊन सांगितलं, तुमच्या वाचनानं फार धीर आला.

मला सोडून सगळ्यांना आला.

लेक तेवढी हात धरायला आली नाही. परत येताना गाडीत म्हणाली, "बाबा, तुम्ही रडा ना कधीतरी." जसं काही ते माझ्या हातात आहे.

४ जुलै

पलंग परत आतल्या खोलीत नेला. कशासाठी नेला ते कळेना. बाहेर तेवढीच मोकळी जागा पडली आहे, चालताना अजून वळसा घालून जातो.

बायबल उघडलं नाही. कपाटात ठेवलं, दार लावलं. प्रार्थनेला बसलो की वाटतं, फोन उचललेला आहे आणि पलीकडे कुणी नाही. कुणी नाही हे तरी कळावं. तेही कळत नाही.

११ जुलै

कानसेन आला होता. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, खुर्चीच्या कडेवर बसला.

"पाळकसाहेब म्हणाले, घाई नाही. पण दुसरा आवाज बघायचा तर तसं सांगा."

"बघा."

"बरं." उठला नाही. मग म्हणाला, "माझी मुलगी गेली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. लोकांनी नावं ठेवली. घरी फार आवाज येत होता, साहेब. रिकाम्या घराचा."

मला हे माहीत नव्हतं. इतके महिने एका खोलीत बसलो, मी कधी विचारलंच नाही. काही तरी बोलायला हवं होतं. चहा घेणार का, एवढंच विचारलं. घेतला त्यानं.

लेकीला सोमवारी कामावर रुजू व्हायचंय. "तुम्ही चला माझ्याकडे," म्हणते. मी म्हणालो, बघू. ती एकदम रडायला लागली. काय झालं ते कळलं नाही.

२२ जुलै

घरात बसवेना म्हणून तळघरात गेलो. दुसरं कारण नाही. वाचायला काय, टेलिफोनची डिरेक्टरी दिली असती तरी वाचली असती. कानसेननं काही विचारलं नाही, सफरचंद कापून समोर ठेवलं. मत्तय उरकला. विश्वास असल्यासारखं वाचणं मला जमतं, त्याची चिंता नाही.

३ ऑगस्ट

मार्कचं शेवटचं पान. हे शुभवर्तमान लहान आहे, धावपळीत लिहिल्यासारखं. धावतच वाचत आलो. शेवटी तीन बायका पहाटे थडग्याकडे जातात, येशूच्या प्रेताला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन. वाटेत एकमेकींना विचारतात, थडग्याच्या तोंडावरचा दगड कोण लोटणार? दगड लोटलेला. आत एक तरुण, पांढऱ्या झग्यातला. तो म्हणतो, घाबरू नका, तो उठलाय, जाऊन सांगा. आणि त्या बायका पळत सुटतात, थरथर कापत, आणि कुणालाही काही सांगत नाहीत. कारण त्या घाबरल्या होत्या.

तिथं माझा घसा गेला. आवाज निघालाच नाही, आणि निघाला तो फाटका. का कुणास ठाऊक. त्याआधी वधस्तंभ वाचून झाला होता, तेव्हा काही झालं नव्हतं. पाणी प्यालो. पुन्हा घेतलं. पुन्हा त्याच शब्दापाशी तसंच.

खाली बारीक अक्षरात टीप होती: सर्वांत जुन्या प्रतींत पुढच्या ओळी नाहीत.

"संपलं?" कानसेननं विचारलं.

"जुन्या प्रतींत इथंच संपतं म्हणे."

"असं कसं? त्यांनी कुणाला सांगितलंच नाही तर लोकांना कळलं कसं?"

"माहीत नाही."

"मग पुढचं कुणी लिहिलं?"

"ज्याला हे असं सोडून उठणं जमलं नसेल, त्यानं."

त्यानं कानावरचे हेडफोन काढले. "पण आधीच्यानं का नाही लपवलं? पुस्तकाचा शेवट, आणि आपलीच माणसं घाबरून पळाली असं लिहायचं?"

तेव्हापासून तेच मनात आहे. माझ्या आख्ख्या नोकरीत 'लोक घाबरले' हे वाक्य माझ्या हातात कुणी येऊ दिलं नाही. पूर आला, आग लागली, रोग पसरला, तरी संपादक ते खोडायचे आणि वर लिहायचे: कोणीही घाबरून जाऊ नये. खोटी बातमी मी लांबून ओळखतो. तिच्यात कुणी घाबरलेलं नसतं. ही ओळ कुणीतरी खोडायला हवी होती. हातात येऊन गेली असेल शेकडो माणसांच्या, नकला करणाऱ्यांच्या, ज्यांच्या हातून शब्द गळतात त्यांच्या. कुणी खोडली नाही. फार तर पुढे जोडलं.

म्हणजे त्या बायका घाबरल्या होत्या. एवढं मी मानतो. दगड, तरुण, बाकीचं, मला माहीत नाही. ही गेली त्या दिवशी सकाळी हिला काय मिळालं असेल, माहीत नाही.

"कुठलं वाचन ठेवू?" कानसेननं विचारलं.

"पहिलं."

"त्यात आवाज फाटलाय, साहेब."

"असू द्या."

मंडळीच्या समितीनं पुढच्या ओळीही वाचायच्या ठरवल्या आहेत, त्या वाचल्या. नेहमीच्या आवाजात. छान झाल्या.

घरी आलो. कुलूप काढताना सवयीनं तोंडातून गेलं, "आलो गं." मग उंबरठ्यावरच उभा राहिलो, आत पाऊल टाकवेना. समोरच्या घरातल्या बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या.

"मला भीती वाटते," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. त्यांना ऐकू गेलं असेल. आवाज चिरका होता, पण माझा होता.

बाईंनी हातातला कपडा तसाच दोरीवर टाकला आणि फाटक उघडून माझ्याकडे यायला निघाल्या.